तीस मेगावॅटचा हिशेब

परळीच्या औष्णिक वीज केंद्राला गावात सगळे ‘थर्मल’ म्हणतात. १९७१ मध्ये तिथे सुरू झालेले पहिले संच प्रत्येकी ३० मेगावॅटचे होते. आज कोराडीचा एकेक नवा संच ६६० मेगावॅटचा आहे.

त्या काळी लहान संच उभारण्यात शहाणपण होतं. राज्याचं वीजजाळं तोकडं होतं. अशा जाळ्यात एकाच मोठ्या संचावर भिस्त ठेवायची आणि तो अचानक बंद पडला, तर सगळा भाग अंधारात. शिवाय लांब तारांच्या टोकाला विजेचा दाब घसरतो. जवळच वीज तयार झाली की तो टिकतो. मराठवाड्याला थर्मल हवं होतं, ते यासाठीही.

पण लहान संच कोळसा फार खातो. त्याच्या बाष्पकात वाफेचा दाब आणि तापमान कमी, टर्बाइनच्या छोट्या पात्यांच्या कडेने वाफ निसटण्याचं प्रमाण जास्त. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम २८ टक्के वीज होते, असं धरू. ६६० मेगावॅटच्या आधुनिक संचात हाच आकडा ३९ च्या आसपास जातो. किलोमागे ३,५०० किलोकॅलरी उष्णता देणारा आपला कोळसा घेतला, तर एका युनिट विजेला लहान संचात सुमारे ८८० ग्रॅम लागतो, मोठ्यात ६३०. म्हणजे ३० मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर १८० टन कोळसा जादा जळतो. त्यात ३५ टक्के राख धरली, तर रोज साठेक टन राख जास्त. ती शेवटी आसपासच्या गावांच्याच वाट्याला येते.

पाण्याचंही तेच. विजेत न उतरलेली उष्णता बरीचशी थंड पाण्यालाच वाहून न्यावी लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

संध्याकाळी सौरऊर्जा मावळते आणि मागणी चढते; त्या वेळेसाठी जुने छोटे संच राखून ठेवावेत, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. थंड पडलेला बाष्पक तापायला कित्येक तास लागतात, कोयनेचं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत वीज देतं. साठवणुकीचे जलविद्युत प्रकल्प आणि बॅटरी हेच या कामाचे.

मात्र संच मोडीत निघाला, तरी स्विचयार्ड, पारेषण वाहिन्या आणि जमीन जागेवरच राहते. त्याच्यावर पोट असलेले कंत्राटी कामगारही. म्हणून संच बंद करण्याची तारीख ठरवतानाच तिथे पुढे काय उभं राहणार आणि या माणसांना कुठलं काम मिळणार, हे सरकारने लेखी जाहीर करावं.