खेळण्याचा आवाज मोजणारी खोली

सोलापूरच्या गड्डा यात्रेतून लेकरांसाठी पिपाणी येते, गाणारी मोटार येते. अशा खेळण्याचा आवाज फार मोठा तर नाही ना, हे तपासायला प्रयोगशाळेत खास खोली असते.

रिकाम्या खोलीत बोललं की आवाज घुमतो. गोधड्या रचलेल्या खोलीत घुमत नाही. इथंही तसंच. जाड भिंती नि घट्ट दार बाहेरचा गोंगाट अडवतात. आतून लावलेल्या फोमच्या पाचरी आवाज शोषून घेतात. मग माइकपर्यंत पोचतो तो फक्त खेळण्याचा आवाज. माइकचं अंतरही ठरलेलं असतं, कारण अशा खोलीत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं कमी भरतो.

पण लेकराचे हात आखूड! ते खेळणं थेट कानाशी नेतं. आतल्या कानातल्या नाजूक पेशी मोठ्या आवाजानं मेल्या, की पुन्हा येत नाहीत.

१ जानेवारी २०२१ पासून, हस्तकलेची काही खेळणी सोडली, तर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती बघा. घेण्याआधी खेळणं वाजवून बघा. आपल्यालाच नकोसं झालं, तर लेकराला नकोच. घरातलं खेळणं फार कर्कश असेल, तर त्याच्या स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टी लावा.