डॉकीचा कातळ, डन लिअरीचा धक्का

पूर्वेचा वारा सुटला की डब्लिनच्या उपसागरात शिडाच्या जहाजांना पळायला जागा उरत नसे. लिफी नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला होता आणि ओहोटीला त्यावर इतकं कमी पाणी राही, की भरलेलं जहाज आत शिरूच शकत नसे. भरती होईपर्यंत बाहेर ताटकळायचं. तेवढ्यात वादळ उठलं तर मागे किनारा, पुढे वारा. नोव्हेंबर १८०७ मध्ये ‘रोचडेल’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही दोन जहाजं सैनिकांना घेऊन डब्लिनहून निघाली आणि बर्फाच्या वादळात सापडून त्याच किनाऱ्यावर येऊन फुटली. सुमारे ४०० माणसं बुडाली. ‘रोचडेल’ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर फुटलं, तरी त्यावरचा एकही जण वाचला नाही.

आयर्लंडमधल्या, याच उपसागराकाठच्या डन लिअरी या गावाचा दगडी धक्का त्या दुर्घटनेतून उभा राहिला. पूर्वेकडच्या या धक्क्याची लांबी जवळजवळ सव्वा किलोमीटर. पश्चिमेचा याहून लांब आहे, पण गाव चालायला येतं ते पूर्वेच्या धक्क्यावर. खालची रुंद वाट बंदराच्या बाजूने जाते, वरची भिंतीच्या माथ्यावरून. खालून चालताना डावीकडे नावांच्या डोलकाठ्या दिसतात आणि समुद्राचा नुसता आवाज येतो. पायऱ्या चढून वर गेलं की वारा थेट तोंडावर येतो.

आसऱ्याचं बंदर हवं, म्हणजे व्यापारासाठी नाही तर वादळात सापडलेल्या कुठल्याही जहाजाला शिरता यावं म्हणून, ही मागणी रिचर्ड टाउचर या नॉर्वेहून येऊन डब्लिनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाने लावून धरली. जहाजांच्या धंद्यातला हा माणूस वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला, पत्रकं काढत राहिला. अखेर १८१७ मध्ये काम सुरू झालं. आराखडा जॉन रेनी या स्कॉटिश अभियंत्याचा. आधी एकच धक्का बांधायचं ठरलं होतं. रेनीचं म्हणणं पडलं की एका धक्क्याने वाळू आत येऊन साचेल, समोरून दुसरा बाहू हवाच. ते पटलं आणि दोन्ही बाहूंमध्ये सुमारे अडीचशे एकर पाणी कवेत आलं.

दगड आला जवळच्या डॉकीच्या टेकडीवरून. मला या साऱ्या कथेत सर्वांत जास्त ओढ वाटते ती त्या खाणीची. सुरुंग लावून कातळ फोडायचा, पहारी आणि छिन्नीने चिरे काढायचे, ते लोखंडी रुळांवरच्या वाघिणींत भरायचे. उतारावर वाघिणी साखळीने जोडलेल्या असत. भरलेली वाघीण आपल्या वजनाने खाली येई आणि तिच्याच ओढीने रिकामी वर चढे. सपाटीवर आल्यावर घोडे जुंपत. शेकडो मजूर या कामावर होते, आणि त्यांतले कितीतरी बायकापोरांसह खाणीजवळच्या झोपड्यांत राहत. सुरुंगाने हात किंवा डोळे गमावणं तिथे नवीन नव्हतं.

तो दगड ग्रॅनाइट, चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. धक्क्याच्या कठड्याजवळ वाकून पाहावं. करड्या पृष्ठभागावर अभ्रकाचे बारीक पापुद्रे उन्हात चमकतात. काही चिऱ्यांच्या कडेला बोटभर रुंदीच्या अर्धगोल खाचा ओळीने दिसतात. दगड दुभंगण्यासाठी पाथरवटाने पाडलेल्या भोकांचा तो उरलेला अर्धा भाग. दुसरा अर्धा कुठल्या तरी दुसऱ्या चिऱ्यावर गेला.

हे बंदर १८४२ च्या सुमारास पुरं झालं तेव्हा काळ पालटला होता. लिफीच्या तोंडाशी बांधलेल्या उत्तरेच्या भिंतीमुळे ओहोटीचा प्रवाह वाळूचा दांडा खरवडून काढू लागला होता आणि जहाजं वाफेवर चालू लागली होती. ज्या संकटासाठी एवढा खटाटोप केला, तेच ओसरत चाललं होतं. त्यामुळे खर्च वाया गेला असं मात्र म्हणता येत नाही. जवळच्या हाऊथचं बंदर गाळाने भरत गेल्यावर इंग्लंडची टपालबोट तिथून इथे आली, १८३४ मध्ये डब्लिनची रेल्वे आली आणि मच्छीमारांच्या वस्तीचं शहर झालं.

१८२१ मध्ये राजा चौथा जॉर्ज इथून परतला म्हणून गावाचं नाव ‘किंग्जटाउन’ झालं, ते १९२० पर्यंत टिकलं. त्याच्या स्मरणार्थ चार दगडी गोळ्यांवर तोललेला स्तंभही उभा आहे. मला मात्र धक्क्यावरचं कॅप्टन जॉन बॉइड यांचं स्मारक मोठं वाटतं. फेब्रुवारी १८६१ च्या वादळात दोन जहाजं याच धक्क्याच्या बाहेरच्या बाजूला खडकांवर चढली. त्यांवरच्या लोकांना वाचवायला बॉइड आपल्या खलाशांसह दगडांवर उतरले आणि लाटेने त्यांना व सोबतच्या पाच जणांना ओढून नेलं. आसऱ्याच्या बंदरात शिरायला दोन्ही जहाजांना थोडंच अंतर कमी पडलं होतं.

वादळाची भीती अजून गेलेली नाही. मार्च २०१८ मध्ये ‘एमा’ वादळ पूर्वेकडूनच आलं, बर्फासकट, आणि धक्क्याच्या टोकाशी, दीपगृहापाशी, बांधकामाची मोडतोड करून गेलं. दोनशे वर्षांच्या या बांधकामाची निगा हे न संपणारं काम आहे, आणि त्यावर होणारा खर्च मला योग्यच वाटतो.

इथे यायचं असेल तर सुरुवात धक्क्यावरून करू नये. आधी डॉकीच्या खाणीवर जावं, जिथे आता प्रस्तरारोहण करणारी मुलं दोराला लटकलेली दिसतात. तिथून वाघिणींच्या जुन्या मार्गाने खाली उतरावं. तो ‘द मेटल्स’ नावाने पायवाट म्हणून राखला आहे आणि त्यात जागोजागी रूळ बसवायचे दगड दिसतात. त्या वाटेने पाऊण-एक तासात बंदर येतं. मग टोकाच्या दीपगृहापर्यंत चालावं, वरच्या वाटेने जावं आणि खालच्या वाटेने परतावं.