कात्री, खळ आणि युद्धनौका

जहाजाची प्रतिकृती म्हटली की लाकडी गलबत आठवतं. काचेच्या पेटीत, वार्निश चढवलेलं, शिडं फुगलेली, खाली पितळी पट्टी. कागदी जहाज म्हटलं की पावसाच्या पाण्यात सोडायची होडी. प्रतिष्ठेची ही उतरंड छंदाच्या जगातही बराच काळ टिकली. लाकडाचं जहाज करणारा तो कारागीर आणि कागदाचं करणारा म्हणजे शाळकरी पोर, असा सरळ हिशेब होता. पण गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या छंदाचं काय काय झालं ते पाहिलं, तर हा हिशेब पार उलटलेला दिसतो.

लाकडाचा इतिहास जुना, यात वाद नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारासाठी केलेल्या प्रतिकृती आजही ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे फुटाला पाव इंच. तळाकडच्या फळ्या मुद्दाम बसवलेल्या नाहीत, त्यामुळे आतल्या बरगड्या उघड्या दिसतात. हे काम पोटापाण्याचं होतं, फावल्या वेळचं नव्हे. फावला वेळ मिळाला तो फ्रेंच क्रांतीच्या आणि नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या हाती लागलेल्या फ्रेंच कैद्यांना, आणि तोही सक्तीचा. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे १७९७ मध्ये कैद्यांचा तळ उघडला. शिध्यात आलेल्या मांसाची हाडं हे लोक साफ करून, कापून, घासून घ्यायचे आणि त्यांच्या पातळ पट्ट्यांनी अख्खी युद्धनौका मढवायचे. काही जहाजांच्या बुडाशी दोरी आहे. ती ओढली की तोफा आत सरकतात. तळाच्या दारात भरणाऱ्या बाजारात ही जहाजं विकली जात. हाताशी जे आहे त्यातून जहाज उभं करायचं, हा या छंदाचा मूळ पिंड तिथे पहिल्यांदा ठळक दिसतो.

तोच पिंड दुसऱ्या महायुद्धात पुन्हा वर आला, या वेळी कागदातून. १९४१ साली लंडनमध्ये जेफ्री हायवे या गृहस्थांनी ‘मायक्रोमॉडेल्स’ नावाने पोस्टकार्डाएवढ्या कार्डांचे संच विकायला काढले. धातू, लाकूड, रबर सगळं युद्धावर खर्ची पडत होतं आणि कागदही मोजून मिळत होता. एका पाकिटात मावणारी काही कार्डं, त्यांवर बोटाच्या पेराएवढे आणि त्याहून बारीक भाग छापलेले. इंजिनं होती, इमारती होत्या, शिडाची ऐतिहासिक जहाजंही होती. तुमचा सगळा कारखाना सिगारच्या डब्यात मावतो, अशी त्यांची जाहिरात असे. जाहिरातींत सहसा न आढळणारा प्रामाणिकपणा तिच्यात होता, कारण खरोखरच एक कात्री, एक पातं, चिमटा आणि डिंक एवढ्यावर काम भागत होतं.

युद्ध संपल्यावर या कामाने दोन वेगळी वळणं घेतली. जर्मनीत विल्हेल्म्सहाफेन या नाविक तळाच्या गावातून १:२५० प्रमाणातल्या जहाजांचे छापील ताव निघू लागले. या जहाजांना पाण्याखालचा भाग नसतो. पाण्याच्या रेषेवर कापलेलं जहाज सपाट टेबलावर ठेवायचं, की टेबल हाच समुद्र. पोलंडमध्ये १९५७ पासून ‘मावी मॉडेलाश’, म्हणजे छोटा प्रतिकृतीकार, हे मासिक निघालं. काढणारी संघटना देशसंरक्षणाच्या प्रचाराची. पोरांनी विमानं-रणगाडे-युद्धनौका हाताळाव्यात आणि त्यातून तंत्राची गोडी लागावी, हा सरकारी हेतू. हेतू काहीही असो, स्वस्त मासिक घराघरांत गेलं. सुरुवातीची छपाई बेताची, रंग थोडे, कागद पातळ. मागे पुठ्ठा चिकटवल्याशिवाय भाग उभा राहायचा नाही. पण विकत घ्यायला दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून एका पिढीने हेच मनापासून केलं. ‘ब्विस्काविट्सा’ ही पोलिश विनाशिका १९३७ मध्ये आरमारात आली, युद्धातून वाचली आणि १९७६ पासून गदिन्याच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. खरी नौका पाहण्याआधी ती जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापलेली पोरं त्या देशात गल्लोगल्ली सापडायची.

पोलिश मंडळींनी जर्मनांसारखी पाण्याच्या रेषेवर सुटका करून घेतली नाही. त्यांना बूडही हवं होतं. आणि इथेच कागदाची खरी अडचण सुरू होते. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. नळी करा, शंकू करा, हरकत नाही. पण जहाजाचं बूड एकाच वेळी दोन दिशांनी फुगलेलं असतं. नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून पाहा, चुण्या पडल्याशिवाय राहणार नाहीत. त्यामुळे आराखडा करणाऱ्याला बुडाचे उभे-आडवे पट्टे पाडावे लागतात. प्रत्येक पट्टा असा निमुळता करायचा की शेजारच्याला चिकटवल्यावर फुगवटा आपोआप तयार होईल. लाकडी जहाज बांधणारा नेमकं हेच करतो. त्याचीही फळी नाळेकडे जाताना अरुंद व्हावी लागते, नाहीतर तिथे फळ्यांची गर्दी होऊन त्या एकमेकींवर चढतात. म्हणजे बुडापाशी आल्यावर कागद आणि लाकूड यांच्यापुढचा प्रश्न एकच असतो. सुताराला फळी थोडी भिजवून, थोडी शेकून, थोडी दाबून समजावता येते. कागदवाल्याला मात्र गणित आधीच चोख करून ठेवावं लागतं.

काम प्रत्यक्ष कसं चालतं? आधी सांगाडा. एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा लांब कणा, त्याला खाचा पाडलेल्या, त्यांत आडव्या बरगड्या. ड्रॉइंगच्या वहीचा मागचा पुठ्ठा याला उत्तम. हा सांगाडा अर्ध्या मिलिमीटरनेही पिळला गेला तर ते वाकडेपण शेवटच्या डोलकाठीपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून चिकटवल्यावर तो काचेवर ठेवून वर जाडजूड पुस्तकं रचायची (जुने दिवाळी अंक या कामी फार उपयोगी पडतात, वाचून झालेले). घडीची रेघ आधी शाई संपलेल्या बॉलपेनाने, स्टीलच्या पट्टीच्या आधाराने दाबून घ्यायची. मग घडी धारदार येते आणि कागदाचा वरचा रंग तडकत नाही. फेव्हिकॉल टाचणीच्या टोकाने, अगदी दिसेल न दिसेल इतकाच. जास्त झाला तर त्यातल्या पाण्याने कागद फुगतो. तोफेची नळी शिवणाच्या सुईभोवती कागद गुंडाळून होते. आणि ज्याने त्याने आपलं काम याच एका गोष्टीवरून जोखावं, अशी बाब म्हणजे कापलेल्या कडा. छापील राखाडी रंगाच्या शेजारी कागदाची पांढरी कड उघडी राहिली की युद्धनौकेची लगेच लग्नपत्रिका दिसायला लागते. प्रत्येक कड जोडण्याआधी जलरंगाने रंगवायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळणारे पुष्कळ आहेत. त्यांची जहाजं लांबूनच पाहावीत.

दरम्यान लाकडाचं काय चाललं होतं? युद्धानंतर अमेरिकेत ‘मॉडेल शिपवेज’सारख्या संस्था आणि पुढे इटली-स्पेनच्या कंपन्या यांनी संच विकायला काढले. आराखडा, पट्ट्या, धातूच्या तोफा, दोरे, सगळं एका खोक्यात. फ्रान्समध्ये झाँ बूदरियो यांनी १९७३ ते १९७७ या काळात ७४ तोफांच्या जहाजावर चार खंडांचा ग्रंथ काढला. एक-एक लाकूड कुठे आणि कसं बसतं याची त्यातली चित्रं पाहून हौशी लोक खऱ्या जहाजाच्या क्रमाने, बरगडीला बरगडी जोडत काम करू लागले. लाकडी छंदाचं ते शिखर. नंतर लेझरने कापलेले सुटे भाग आले. बरगड्या काढा, खाचेत बसवा, झालं. हे वाईट आहे असं नाही, सुरुवात करणाऱ्याचा हुरूप टिकतो. पण करवत आणि रंधा हातात न घेता लाकडी जहाज पुरं होतं, तेव्हा कारागिरीचा मान नेमका कुणाला द्यायचा, त्या माणसाला की यंत्राला, हा प्रश्न पडतोच.

मॉरिशसचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. तिथे साठच्या दशकाअखेरपासून लाकडी जहाजांच्या प्रतिकृती हा चक्क धंदा झाला. सांगाडा करणारे वेगळे, शिडं शिवून दोर बांधणारे वेगळे, आणि नव्या कापडाला जुनेपण यावं म्हणून शिडं चहाच्या पाण्यात बुडवणारे वेगळे. पर्यटक ही जहाजं घेऊन जातात. सुंदर असतात, पण तो छंद नव्हे.

कागदाचा प्रवास नेमका उलट झाला. १९८९ नंतर पोलंडमध्ये खासगी प्रकाशकांचं पेव फुटलं. हालिन्स्की यांच्यासारख्यांनी तपशिलाची हद्दच गाठली. ‘शिपयार्ड’ या प्रकाशनाने १:९६ प्रमाणात शिडाची जहाजं अशी काढली की पुठ्ठ्याच्या बरगड्यांवर आधी एक अस्तर, मग फळ्यांचा थर, असं खऱ्यासारखं बांधावं लागतं. संगणकाने बुडाचे पट्टे अचूक पाडले. घरच्या प्रिंटरने ताव हवा तितक्या वेळा छापता येऊ लागला. एक भाग बिघडला की संपूर्ण अंक वाया, ही पूर्वीची धास्ती गेली. बिस्मार्कची खरी लांबी २५१ मीटर. ती १:२५० मध्ये एक मीटर आणि १:२०० मध्ये सव्वा मीटर भरते, आणि एवढं धूड आज लोक केवळ कागदातून उभं करतात. लेझरने कापलेले पुठ्ठ्याचे भाग इथेही आले, हे खरं. पण ब्रेमरहाफेनच्या सागरी संग्रहालयात भरणाऱ्या कागदी प्रतिकृतींच्या मेळाव्यात मान मिळतो तो अजून हाताने कापणाऱ्याला. आजच्या घडीला कागद हाच जास्त कष्टाचा आणि जास्त प्रामाणिक मार्ग आहे, असं माझं मत. लाकूडवाल्यांनी रागवू नये.

कोणती जहाजं केली जातात, हा मात्र खटकणारा भाग आहे. व्हिक्टरी, कॉन्स्टिट्यूशन, कटी सार्क, बिस्मार्क, टायटॅनिक, तीच ती. यातल्या अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’चा मुंबईशी एक गमतीदार संबंध आहे. १८१२ च्या डिसेंबरात तिने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ हे इंग्रजी जहाज जिंकलं आणि ते जाळून टाकावं लागलं. ‘जावा’ मुंबईकडे निघालं होतं आणि त्यावर मुंबईच्या गोदीत बांधायच्या ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे होते. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ती फ्रिगेट ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. १:९६ प्रमाणात तिच्या तोफांचा मजला साधारण ४८ सेंटिमीटर होईल. कपाटावर आरामात मावेल.

आणि आंग्र्यांच्या आरमारातली गुराब? दोन किंवा तीन डोलकाठ्या, उथळ बूड, पुढे लांब निघालेली नाळ आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. उथळ बुडाचं जहाज कागदाला फार मानवतं, कारण फुगवटा कमी. पोलिश पोरांना त्यांच्या मासिकाने त्यांचीच नौका कापायला दिली. आपल्याकडे दिवाळीत घरोघरी किल्ले होतात, थर्मोकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून गणपतीची मखरंही पुठ्ठ्यात होऊ लागली. हात आहेत, कात्र्या आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांना एवढीच विनंती की, यंदा अंकाच्या मधोमध चार जाड पानं गुराबीसाठी राखून ठेवा. आणि वाचकांना सांगायचं तर, तोवर हात बसवायला पहिलं जहाज म्हणून बिस्मार्क घेऊ नका. बंदरातला एखादा छोटा टग घ्या, पाण्याच्या रेषेवर कापलेला, आणि त्याच्या कडा रंगवा.