डोळ्यातले दुसरे भिंग

हल्ली मराठी घरात ‘लेन्स’ हा शब्द कानी पडला की बोलणाऱ्याच्या मनात नेमके काय आहे, हे विचारून घ्यावे लागते. आजीचा मोतीबिंदू काढून तिच्या डोळ्यात ‘लेन्स टाकलेली’ असते. कॉलेजात जाणारी नात सकाळी आरशासमोर उभी राहून बोटाच्या टोकाने ‘लेन्स लावते’ आणि रात्री काढून डबीत ठेवते. आणि दिवाळीस आलेला भाचा, ज्याला जन्मभर जाड चष्म्यातच पाहिले, तो मोकळ्या चेहऱ्याने दारात उभा राहून ‘लेन्स बसवून घेतली’ असे सांगतो. शब्द एकच, परंतु वस्तू तीन. आजीच्या डोळ्यातील निसर्गदत्त भिंग गढूळ झाले होते, म्हणून ते काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसविले. नातीचे भिंग डोळ्याच्या बाहेर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. भाच्याच्या डोळ्यातील मूळचे भिंग मात्र जागच्या जागी शाबूत आहे. त्याच्या पुढे, बुबुळाच्या आड, दुसरे एक भिंग कायमचे ठेवण्यात आले आहे. या तिसऱ्या प्रकाराविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. कारण शाळेत येणारे पालक आम्हांस याविषयी विचारू लागले आहेत, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निर्णय आधीच घेतलेला असतो.

प्रथम नंबराविषयी. प्रौढ मनुष्याचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने जरी वाढली, तरी दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि सुमारे अडीच ते तीन उणे नंबराचा चष्मा लागतो. यासच निकटदृष्टिता म्हणतात. उणे बाराचा विद्यार्थी फळ्यावरचे अक्षर तर सोडाच, स्वतःच्या पसरलेल्या हातावरील रेषाही चष्म्यावाचून स्पष्ट पाहू शकत नाही. (शाळेत ‘नंबर’ मोठा यावा म्हणून धडपडणाऱ्या पालकांस हा एकच नंबर कमी झालेला आवडतो, हे ओघाने आले.)

हा दोष चष्म्यावाचून घालविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पारपटलाची वक्रता लेसर किरणांनी बदलणे. लोक ज्यास ‘लॅसिक’ म्हणून ओळखतात ते हेच. परंतु पारपटलाची मध्यावरील जाडी अवघी अर्धा मिलिमीटर! नंबर जितका मोठा, तितका त्याचा अधिक भाग खरवडावा लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे ते दुबळे होऊन शंकूप्रमाणे पुढे येण्याची भीती असते. म्हणून ज्यांचा नंबर फार मोठा किंवा पारपटल मुळातच पातळ, त्यांना डॉक्टर लेसरपासून दूर ठेवतात. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग : काही खरवडावयाचे नाही, तर एक भिंग अधिक घालावयाचे.

डोळ्यात परकी वस्तू कायमची ठेवण्याची कल्पना आज सोपी वाटते. ती कशी सुचली, याची हकीकत मात्र एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १९४० च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटनवरील हवाई युद्ध भरात असताना, गॉर्डन क्लीव्हर नावाच्या इंग्रज वैमानिकाचे हरिकेन विमान जायबंदी झाले. विमानाच्या झाकणाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ठिकऱ्या उडून त्याच्या दोन्ही डोळ्यांत शिरल्या. त्याच्या चेहऱ्यावर व डोळ्यांवर पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या. असे वैमानिक तपासताना हॅरल्ड रिड्ले या नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानात आले की, पर्स्पेक्स नामक त्या प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षे निमूट पडून राहतात. सूज नाही, पू नाही. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने रिड्लेंना विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाही? विद्यार्थ्यांचे भाबडे प्रश्न झटकून टाकण्याची खोड आम्हां शिक्षकांत पुष्कळ. रिड्लेंनी तो झटकला नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, गाजावाजा न करता, त्यांनी एका पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यासाठी पर्स्पेक्सचे भिंग वापरले. भिंगाच्या शक्तीचे गणित तेवढे साफ चुकले होते. त्या बाईंच्या डोळ्यास सुमारे उणे अठराचा नंबर आला! तथापि डोळ्याने भिंग नाकारले नाही, ही मुख्य गोष्ट सिद्ध झाली. त्या काळचे अग्रगण्य नेत्रतज्ज्ञ पुढे अनेक वर्षे रिड्लेंची हेटाळणी करीत राहिले. त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले १९८६ मध्ये आणि ‘सर’ ही पदवी २००० मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांतही उतारवयात अशीच भिंगे बसविण्यात आली होती.

आमच्या लहानपणी मोतीबिंदू काढलेले आजोबा म्हणजे बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, आणि त्या काचांतून अवाढव्य दिसणारे डोळे. आजच्या मुलांना ते दृश्य ठाऊक नाही. याचे श्रेय रिड्लेंइतकेच मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ‘ऑरोलॅब’लाही द्यावे लागते. १९९२ पासून तेथे ही भिंगे तयार होऊ लागली आणि परदेशी भिंगाची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या गोरगरिबांपर्यंत ती पोहोचली.

मूळचे भिंग न काढता दुसरे घालण्याचा इतिहास मात्र इतका सुखकर नाही. १९५० नंतरच्या दशकात इटलीतील स्ट्रांपेली व स्पेनमधील बाराकेर यांनी निकटदृष्टीच्या रुग्णांच्या डोळ्यात, बुबुळाच्या पुढील पोकळीत, अशी भिंगे ठेवून पाहिली. त्या भिंगांच्या कडा व टेकू पारपटलाच्या आतील नाजूक पेशींना इजा करू लागले, पारपटले धुरकटली आणि कित्येक भिंगे पुन्हा काढून घ्यावी लागली. तीनएक दशके हा विषय जवळजवळ बासनात गुंडाळला गेला. १९८६ च्या सुमारास रशियाचे फ्योदोरॉव्ह यांनी बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे ठेवता येईल असे भिंग पुढे आणले. त्याच जागेसाठी ‘कॉलमर’ या मऊ, घडी घालता येणाऱ्या द्रव्याचे भिंग १९९३ मध्ये प्रथम मानवी डोळ्यात बसविण्यात आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास २००५ मध्ये मान्यता दिली. या द्रव्यात अत्यल्प प्रमाणात वराहापासून मिळविलेले कोलॅजन असते. ज्यांना आहारधर्माचा विचार महत्त्वाचा वाटतो, त्यांनी हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. अशा भिंगांत ॲक्रिलिकची भारतीय बनावटीचीही आहेत. ती तयार करणारी केअर ग्रुप ही कंपनी वडोदऱ्याची, हे वाचून तेथील आमच्या वाचकांस मौज वाटेल.

यातील एक सुधारणा आम्हांस विशेष भावली, कारण ती अतिशय साधी आहे. डोळ्यात एक पाणी सतत पाझरते आणि बुबुळाच्या मागून बाहुलीतून पुढे येऊन निचरते. भिंग मध्ये आडवे आले की ही वाट अडते व डोळ्यातील दाब वाढतो. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेच्या आधी लेसरने बुबुळालाच बारीक छिद्रे पाडावी लागत. नव्या भिंगाच्या बरोबर मध्यावर ०.३६ मिलिमीटरचे एक छिद्र असते आणि पाणी त्यातूनच वाहते. हे सच्छिद्र भिंग युरोपात २०११ पासून वापरात आले. अमेरिकेने त्यास २०२२ मध्ये मान्यता दिली.

शस्त्रक्रिया म्हणावी तर काही मिनिटांची. डोळ्यात थेंब घालून बधिरता आणतात, सुमारे तीन मिलिमीटरचा छेद घेतात, गुंडाळलेले भिंग आत सोडतात, ते उलगडते आणि त्याची टोके बुबुळाच्या मागे सरकवितात. टाके बहुधा नाहीत. पण आमच्या मते खरी शस्त्रक्रिया तपासणीच्या खोलीत होते. वय एकवीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असावे. वर्षभर नंबर स्थिर असावा. पारपटल व नैसर्गिक भिंग यांमधील पोकळी किमान सुमारे तीन मिलिमीटर खोल हवी. पारपटलाच्या आतील पेशी मोजाव्या लागतात, कारण त्या एकदा गेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. भिंगाची लांबी तर डोळ्याच्या मापाने अचूक निवडावी लागते. ते आखूड पडले तर मूळच्या भिंगास टेकून मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. लांब पडले तर बुबुळ पुढे ढकलले जाऊन पाण्याचा निचरा कोंडतो आणि काचबिंदूचे संकट उभे राहते. दोन भिंगांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचे अंतर राहावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

आमचा एक माजी विद्यार्थी बेळगावच्या एका फौंड्रीत काम करतो. नंबर उणे अकरा. भट्टीजवळ घाम व वाफ यांनी काचा सारख्या धूसर होत, आणि चष्म्यावर पुन्हा संरक्षक गॉगल चढवायचा! धूळ व उष्णतेमुळे बाहेरून लावायच्या लेन्सचा उपयोग नव्हता. तापलेला धातू साच्यात ओतणाऱ्या माणसाला क्षणभर न दिसणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. त्याचे वडील पतसंस्थेचे कर्ज काढण्याआधी आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराचं डोळं हाय, तुम्ही सांगा.” डोळ्यांबाबत सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही एवढेच सुचविले की, दोन निरनिराळ्या डॉक्टरांकडून मापे घ्या आणि ती जुळतात का पाहा. ती जुळली. दृष्टिपटल तपासताना एका ठिकाणी विरलेला भाग आढळला. तेथे आधी लेसरने कडेचे डागकाम झाले आणि काही आठवड्यांनी भिंगे बसली. दुसऱ्या दिवशी खाटेवरून समोरच्या भिंतीवरील घड्याळातील वेळ त्याने मोठ्याने वाचली, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. रात्री दिव्यांभोवती त्याला अजून वलये दिसतात. त्याची तक्रार तो करीत नाही.

दुसरी हकीकत एका मुलीची. नंबर साडेसहा, बी.एड. झालेली. एक चांगले स्थळ आले, परंतु ‘चष्मा तेवढा घालवा’ या अटीवर. पारपटल पातळ म्हणून लेसर नाही, आणि पुढील पोकळीची खोली २.६ मिलिमीटर म्हणून भिंगही नाही, असे दोन डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तिसऱ्याने ‘बघू, करून टाकू’ म्हटले, आणि घरच्यांना अर्थातच तिसराच आवडला. चष्म्याने मुलीचे रूप झाकते, ही समजूत आपल्या समाजात अजून किती घट्ट आहे! निकोप डोळा धोक्यात घालून कुणाच्या पसंतीस उतरण्याचा हा व्यवहार आम्हांस क्रूर वाटतो, आणि तसे आम्ही त्या घरी बसून बोललो. शेवटी नकार दिला तो मुलीनेच. ते स्थळ पुढे सरकले नाही. ती आज एका शाळेत गणित शिकविते, नाकावर चष्मा ठेवून.

खर्च दोन्ही डोळ्यांचा लाखाच्या घरात, कित्येकदा त्याहूनही बराच वर जातो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार साडेसातहून कमी नंबरावरील अशा उपचाराचा खर्च वगळलेला असतो. त्यापुढील नंबरास ती अट आपोआप लागू होत नाही. तेव्हा पॉलिसीचा कागद बारकाईने वाचून मगच पतसंस्थेची पायरी चढावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस कुणी सांगत नाही. भिंगाने नंबर जातो, लांबलेला डोळा आखूड होत नाही. मोठ्या नंबराच्या डोळ्याचे दृष्टिपटल ताणलेले असते. ते फाटण्याचा वा सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही कायम राहतो. डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके तरंगू लागले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यागत वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दरवर्षी दाब, पेशी व दृष्टिपटल यांची तपासणी चुकवू नये. चाळिशीचा वाचण्याचा चष्माही इतरांप्रमाणेच लागेल, कारण जवळचे पाहण्यासाठी फुगणारे मूळचे भिंग वयानुसार ताठर होतेच.

पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर घातलेले भिंग काढून घेऊन त्याच वेळी मोतीबिंदूचे भिंग बसविता येते. ते निवडताना डोळ्याची जुनी मापे व आतील भिंगाची माहिती डॉक्टरांच्या उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर भिंगाची शक्ती, लांबी व क्रमांक लिहिलेले एक कार्ड मिळते. ते आणि आधीच्या तपासणीचे सर्व कागद रेशनकार्ड व जमिनीचे उतारे ज्या पिशवीत असतात त्याच पिशवीत ठेवावेत, आणि घरातील आणखी एका माणसाला ती पिशवी कोठे आहे हे ठाऊक असावे.