पवनेकाठी तंबूत राहायचंय? आधी काठ निवडा

परंदवडी, सोमाटणे, तळेगावकरांना पाण्याकाठच्या मुक्कामासाठी पवना जलाशय सगळ्यात सोयीचा. जाहिरातीत सगळे कॅम्प सारखेच दिसतात. खरा फरक काठाचा.

🏕️ दिशा: जलाशयाच्या उत्तरेला लोहगड-विसापूर, पश्चिमेकडे तुंग, पूर्वेकडे तिकोना हे गड. मावळतीचा सूर्य पाण्यावर हवा असेल, तर तंबूच्या पश्चिमेला पाणी हवं. पहाटे गड चढायचा असेल, तर त्याच गडाच्या बाजूचा काठ घ्या. जलाशयाला वळसा घालण्यात बराच वेळ जातो.

📅 हंगाम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण रात्री गारठा असतो, स्वेटर, कानटोपी न्या. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि ‘लेक टच’ तंबूपुढे नुसता गाळ उरतो. ताजे फोटो मागवा.

📞 बुकिंगआधी विचारा: शौचालयं किती? स्पीकर किती वाजता बंद? गाडी कुठपर्यंत येते? पावसात पक्कं छप्पर आहे का?

⚠️ पोहू नका. धरणाचा तळ एकसारखा नसतो, गाळात पाय रुततो. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट हवंच.

🚰 पिंपरी-चिंचवडच्या नळांना हेच पाणी जातं. साबण, खरकटं पाण्यापासून लांब ठेवा. कचरा पिशवीत भरून परत न्या.