आइसलँडचा पगार मोठा दिसतो, पण तो ज्या चलनात मिळतो त्याची गोष्ट माहीत आहे का?

नॉर्दर्न लाइट्स, शुद्ध हवा, रात्री उशिरा एकटं फिरलं तरी भीती नाही आणि पगार रुपयांत मोजला तर महिन्याला चार-पाच लाख. आइसलँडला स्थायिक होण्याबद्दलच्या रील्समध्ये साधारण एवढंच असतं. यातलं काहीच खोटं नाही. खरी भानगड आहे ती 'रुपयांत मोजला तर' या तीन शब्दांत.

आधी या देशाचा आकार लक्षात घ्या. आइसलँडचं क्षेत्रफळ १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्याही आत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ च्या जनगणनेत पाच लाख लोक मोजले गेले होते. म्हणजे सांगलीपेक्षाही कमी लोकांचा हा देश स्वतःचं चलन चालवतो, स्वतःची मध्यवर्ती बँक चालवतो आणि स्वतःचा व्याजदर ठरवतो. आइसलँड शेंगेन क्षेत्रात आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही. त्यामुळे तिथे युरो चालत नाही, तर आइसलँडिक क्रोना चालतो. सध्या एक क्रोना म्हणजे साधारण ७० पैसे.

समजा, एखाद्याला महिन्याला ६ लाख क्रोनांची ऑफर आली. रुपयांत ते झाले सव्वाचार लाखांच्या आसपास. त्यातून चार टक्के सक्तीच्या पेन्शनचे कापले जातात. कराचा सगळ्यात खालचा टप्पाच सुमारे साडेएकतीस टक्क्यांचा आहे, त्यात प्रत्येकाला ठरावीक सूट मिळते. युनियनची वर्गणीही जाते. हातात येतात साधारण साडेचार लाख क्रोना. राजधानी रेक्याविकमध्ये छोट्या फ्लॅटच्या भाड्यात त्यातले जवळपास निम्मे जातात. राहिलेल्या पैशांत किराणा, बस आणि थंडीचे कपडे, तेही अशा देशात जिथे वस्तूंचे दर युरोपियन युनियनच्या सरासरीच्या जवळपास दीडपट आहेत.

पण हा झाला खर्च. तो निघण्याआधी मोजता येतो. आइसलँडमध्ये तपासायची गोष्ट आहे ती जोखीम, आणि ती समजून घ्यायला २००८ मध्ये जावं लागतं.

सात दिवसांत तीन बँका

२००८ पर्यंत कॉपथिंग, लँड्सबँकी आणि ग्लिटनिर या तीन बँकांनी परदेशातून स्वस्तात कर्ज उचलून एवढा पसारा वाढवला होता की त्यांची एकूण मालमत्ता देशाच्या जीडीपीच्या जवळपास दहापट झाली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये जगभर कर्जपुरवठा आटला आणि एका आठवड्यात तिन्ही बँका कोसळल्या. ६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर आले आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले की देव आइसलँडचं भलं करो. पंतप्रधानच देवाचं नाव घेऊ लागल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

आता चलनाचं काय झालं ते बघा. त्या वर्षाच्या सुरुवातीला एक युरो साधारण ९१ क्रोनांना मिळत होता. वर्ष संपताना त्यासाठी १७० क्रोना मोजावे लागत होते. ज्याला महिन्याला ३ लाख क्रोना मिळत होते, त्याच्या पगाराची किंमत जानेवारीत सुमारे ३३०० युरो होती, ती डिसेंबरमध्ये १७६५ युरोंवर आली. तेच ऑफिस, तेच काम, तीच सॅलरी स्लिप.

जो तिथेच कमावतो आणि तिथेच खर्च करतो, त्याला हा फटका महागाईतून बसला. जानेवारी २००९ मध्ये महागाई साडेअठरा टक्क्यांच्या वर गेली, कारण धान्य, फळं, औषधं, गाड्या असं बरंच काही बाहेरून येतं. २००९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने देशातली सगळी दुकानं बंद केली. बर्गरचं सामान जर्मनीतून यायचं आणि पडलेल्या क्रोनात ते परवडेना. शेवटचा बर्गर एकाने आठवण म्हणून जपून ठेवला आणि पुढे तो जगभर व्हायरल झाला. सगळे हसले, पण हसण्यामागचं गणित चलनाचं होतं.

जो पैसे घरी पाठवतो, त्याला मात्र थेट फटका बसला. आइसलँडमधला सगळ्यात मोठा स्थलांतरित समूह पोलिश लोकांचा. तेजीच्या काळात बांधकामावर हजारोंनी आले होते. त्यांचे घरी जाणारे पैसे निम्म्यावर आले आणि पाठोपाठ बांधकामंही थांबली. बेरोजगारी एक टक्क्याच्या आसपास होती, ती फेब्रुवारी २०१० पर्यंत नऊ टक्क्यांच्या पुढे गेली. २००९ मध्ये देशात आलेल्यांपेक्षा देश सोडून गेलेले लोक सुमारे ४८०० ने जास्त होते.

छोट्या बेटावरच्या देशाची अडचण इथेच कळते. मोठ्या देशात एक धंदा बुडाला तर दुसरा तरतो. इथे नोकरी, चलन, घराची किंमत आणि कर्जाचा हप्ता हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं असतं, त्यामुळे तुटलं की एकदम तुटतं. चार वेगळ्या जोखमी आहेत असं कागदावर मांडता येतं, पण त्या बऱ्याचदा एकाच महिन्यात समोर येतात.

हप्ते भरूनही कर्ज वाढतं, ते कसं?

तिकडे गेलेले बरेच जण दोन-तीन वर्षांत घर घ्यायचा विचार करतात, कारण भाडं टोचायला लागतं. आइसलँडच्या गृहकर्जातली एक पद्धत भारतात नाही, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

तिथे महागाई निर्देशांकाशी जोडलेली कर्जं मिळतात. १९७९ पासून ही पद्धत रूढ आहे. अशा कर्जाचा व्याजदर कमी दिसतो आणि सुरुवातीचा हप्ताही हलका असतो. पण दर महिन्याला जितकी महागाई वाढली, तितकं तुमचं मुद्दल वाढवलं जातं. व्याज नव्हे, मुद्दल. समजा ४ कोटी क्रोनांचं कर्ज आहे आणि वर्षभरात महागाई दहा टक्के झाली. वर्षाच्या शेवटी मुद्दलात सुमारे ४० लाख क्रोनांची भर पडते. चाळीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांतून मुद्दल फारच थोडं फिटतं. त्यामुळे एकही हप्ता न चुकवता कर्जाचा आकडा वर जात राहतो.

दहा टक्के महागाई हे काल्पनिक उदाहरणही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती १०.२ टक्के होती.

मग महागाईशी न जोडलेलं साधं कर्ज घ्यावं का? २०२०-२१ मध्ये व्याजदर तळाला होते तेव्हा अनेकांनी तेच केलं. मे २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेचा दर ०.७५ टक्के होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ९.२५ टक्के झाला. बदलत्या दराने कर्ज घेतलेल्यांचे हप्ते उडाले आणि अनेक जण पुन्हा महागाईशी जोडलेल्या कर्जाकडे वळले. म्हणजे फटका महिन्याच्या हप्त्यात घ्यायचा की मुद्दलात, एवढीच निवड उरली.

२००८ च्या आधी तिसराही मार्ग होता. येन आणि स्विस फ्रँक यांसारख्या परकीय चलनांशी जोडलेली कर्जं कमी व्याजाने मिळत. लोकांनी त्यावर गाड्या घेतल्या, घरं घेतली. क्रोना कोसळला तेव्हा ही कर्जं दुप्पट झाली. जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रोनातल्या कर्जाची रक्कम अशी परकीय चलनाशी जोडणं बेकायदा ठरवलं. महागाईशी जोडलेल्या गृहकर्जांनाही २०१४ मध्ये सरकारने काही प्रमाणात सूट दिली. मदत आली, पण सहा वर्षांनी.

मासे, अ‍ॅल्युमिनियम आणि पर्यटक

देशात परकीय चलन येतं ते मुख्यतः या तीन वाटांनी. कॅपेलिन नावाचा छोटा मासा काही वर्षी पुरेसा आढळतच नाही. २०१९ मध्ये त्याची मासेमारी झाली नाही, २०२४ मध्येही नाही. अशा वर्षी किनाऱ्यावरच्या गावांतल्या प्रक्रिया कारखान्यांचा हंगामच जातो.

पर्यटन आता सगळ्यात मोठं आहे, पण तेच सगळ्यात आधी हलतं. मार्च २०१९ मध्ये वॉव एअर ही स्वस्त विमान कंपनी एका रात्रीत बंद पडली आणि हजाराहून अधिक नोकऱ्या गेल्या. पुढच्या वर्षी कोविड आला. २०१९ मध्ये सुमारे २० लाख पर्यटक आले होते, २०२० मध्ये पाच लाखांच्या आत. नंतर आलेली प्ले ही विमान कंपनीही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा साधारण ४०० जणांची नोकरी गेली. चार लाखांच्या आतल्या देशात हे आकडे लहान नसतात. हॉटेल, किचन किंवा टुरिस्ट गाईडच्या कामासाठी जाणाऱ्याने पगाराआधी हा इतिहास पाहावा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक गाठ आहे. पोलंडचा माणूस नोकरी गेल्यावर तिथेच दुसरी शोधू शकतो, कारण युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या नागरिकांना कामासाठी वेगळा परवाना लागत नाही. भारतीयाचा सुरुवातीचा परवाना ठरावीक मालकाशी आणि कामाशी जोडलेला असतो. नोकरी बदलायची तर नव्या मालकासह पुन्हा अर्ज करावा लागतो. बेरोजगारी भत्त्यासाठी निर्बंधांशिवाय काम करण्याची परवानगी लागते, मालकाशी बांधलेला परवाना त्यात बसत नाही. भारत आणि आइसलँड, स्वित्झर्लंड, नॉर्वे, लिकटेनस्टाइन या चार देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यावरून 'आता आइसलँड भारतीयांसाठी खुलं' असे व्हिडिओ फिरतात. हा व्यापाराचा करार आहे, तिथे जाऊन राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

ज्वालामुखीचं काय, हा प्रश्न कॉमेंट्समध्ये हमखास असतो. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंदाविक हे सुमारे ३८०० लोकांचं गाव रिकामं करावं लागलं आणि जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावात शिरून घरं जळाली. पण गंमत म्हणजे ही जोखीम तुलनेने झाकलेली आहे. घरांना नैसर्गिक आपत्तीचा विमा सक्तीचा आहे आणि ग्रिंदाविकमध्ये सरकारने अग्निविम्याच्या मूल्यांकनाच्या ९५ टक्के किंमत देऊन राहती घरं विकत घेण्याची योजना आणली. क्रोना पडला तर असा विमा नसतो.

युरो असता तर?

मग युरो चालणारं छोटं बेट बरं, असं वाटू शकतं. सायप्रसमध्ये २००८ पासून युरो आहे. मार्च २०१३ मध्ये तिथल्या बँका बुडायला आल्या, कारण त्यांनी ग्रीसच्या सरकारी रोख्यांत मोठा पैसा गुंतवला होता. बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या. बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाख युरोंच्या वर ठेव असलेल्यांच्या वरच्या रकमेतले ४७.५ टक्के कापून त्याबदल्यात बँकेचे शेअर्स हातात ठेवले गेले. चलन शाबूत राहिलं, पण ठेवी गेल्या. आइसलँडने उलट केलं होतं. देशातल्या ठेवी वाचवल्या, चलन पडू दिलं आणि नोव्हेंबर २००८ पासून पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध लावले. परदेशी जायला चलन हवं असेल तर विमानाचं तिकीट दाखवावं लागे. हे निर्बंध जवळपास पूर्णपणे उठले ते मार्च २०१७ मध्ये.

म्हणजे जाऊ नये का? तसं अजिबात नाही. आइसलँड त्या गर्तेतून बाहेर आला, पगार युनियनच्या करारांतून ठरतात त्यामुळे नवख्याला फसवणं तुलनेने अवघड आहे आणि हजारो स्थलांतरित तिथे सुखाने राहतात. प्रश्न कोणत्या तयारीने जायचं हा आहे. भारतात रुपयांतलं शैक्षणिक किंवा गृहकर्ज डोक्यावर असेल, तर क्रोना वीस-तीस टक्क्यांनी पडला तरी हप्ता निघेल का, हे आधी मांडून बघावं. २०१७ च्या मध्यावर एक युरो ११० क्रोनांच्या आसपास होता आणि २०२० च्या अखेरीला १५६ च्या आसपास. म्हणजे एवढी उलथापालथ बँका न बुडताही होते. काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक क्रोनाबाहेर ठेवणं, परवाना बिननिर्बंध होईपर्यंत भाड्यानेच राहणं आणि परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे काढणं ही त्याच हिशोबाची पुढची पानं.

डिसेंबर २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या आइसलँडच्या सरकारने युरोपियन युनियनशी पुन्हा बोलणी सुरू करावीत का, यावर २०२७ संपण्याआधी सार्वमत घेण्याचं कबूल केलं. कौल बाजूने लागला तरी वाटाघाटी, सदस्यत्व आणि मग युरोच्या अटी पूर्ण करणं यात वर्षं जातील. तोवर पगार क्रोनातच होणार आहे.