फवारणीनंतर रक्तात राहिलेला ठसा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर तोंड करून फवारायचे, म्हणजे चायना पंपाचा फवारा थेट चेहऱ्यावर. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले.

फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांतल्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांचा मार बसतो अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या प्रथिनावर. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला, की निरोप्या रेणूची विल्हेवाट हे प्रथिन लावते. औषध त्याला चिकटले, की निरोप थांबतच नाही. लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडून थकतात आणि श्वास अडकतो. दवाखान्यातली रक्ततपासणी मोजते ती याच कुळातल्या प्रथिनाची क्रिया.

पण मेंदूत प्रथिने हजारो. अमेरिकेत डॅनियल नोमुरा, बेंजामिन क्रावॅट आणि जॉन कॅसिडा यांच्या चमूने २००८ मध्ये उंदरांच्या मेंदूतले एन्झाइमांचे एक अख्खे कूळ एकदम तपासले, तेव्हा अशी कीटकनाशके इतर अनेक एन्झाइमांनाही जखडताना दिसली. एकाच प्रथिनाचा आकडा सुधारला म्हणून मजुराला ‘बरा झाला’ म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

प्रथिनांचे तुकडे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांचे वस्तुमान मोजायचे आणि त्यावरून मूळ प्रथिन ओळखायचे, अशी ही अनेक प्रथिने एकदम तपासण्याची पद्धत. मजुरासाठी तिचा उपयोग असा: मालकाने दोन-तीन औषधे एकत्र करून दिलेली असतात. पंपात काय होते, हे मजुराला ठाऊक नसते. त्याचे रक्त मात्र सांगू शकते. रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या त्याच कुळातल्या प्रथिनाच्या १९८ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला मोनोक्रोटोफॉस चिकटले, तर त्या तुकड्याचे वस्तुमान १०८ डाल्टनने वाढते. क्लोरपायरिफॉस असेल तर १३६ ने. वेळ गेला की चिकटलेल्या विषाचा काही भाग गळतो आणि १३६ चेही १०८ होतात. रक्त लवकर घेतले तरच दोघांतला फरक कळतो.

हे तंत्र राज्यात आहे. आयआयटी मुंबईत संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा मेंदूच्या गाठींतली प्रथिने अशीच तपासते. यवतमाळच्या मजुरांसाठी ते वापरायचे, तर सुरुवात पहिल्या फवारणीआधी व्हायला हवी. या एन्झाइमांची मूळ पातळी माणसागणिक वेगळी असते. निरोगी असतानाचा नमुना नसेल, तर नंतरची घट कशाशी ताडणार? घाटंजी, कळंब, आर्णी तालुक्यांतल्या फवारणाऱ्यांचे रक्त त्यांच्या संमतीने जूनमध्येच घेऊन गोठवून ठेवावे, फवारणी झाली की लगेच पुन्हा घ्यावे आणि निकाल आधी त्यांच्याच हाती द्यावा.